रापलेली धूळ

साल एकोणीसशे पंच्याण्णव. त्या वर्षी ताईला छप्पन्नावं लागलं होतं आणि धाकटीला सत्तेचाळीसावं. दोघी बहिणी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. ताईनं लग्न केलं नव्हतं. धाकटीचं झालं होतं, पण नवरा तीन वर्षांतच गेला आणि ती एक ट्रंक घेऊन ताईकडे आली. ती ट्रंक अजूनही पलंगाखाली होती, कारण "चार दिवस राहते," असं म्हणून ती आली होती आणि त्या चार दिवसांना आता बावीस वर्षं झाली होती.

ताई विज्ञानाच्या महाविद्यालयात शिकवायची. महाविद्यालयाच्याच इमारतीच्या तळघरात तिची प्रयोगशाळा होती, म्हणजे दोन खोल्या, एक बेसिन आणि वर रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या नुसत्या चपला दिसतील अशी एक लांबट खिडकी. तिथं ती लघुग्रहांचा अभ्यास करायची. मंगळ आणि गुरू यांच्या मधे लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात, त्यांचा. शेजारपाजारचे म्हणायचे, हिनं आकाशातल्या धोंड्यांशी संसार मांडलाय. ताई म्हणायची, "बरं आहे ना, धोंडे निदान चहा मागत नाहीत."

धाकटीला तिथं ताईनंच आणलं होतं. त्याआधी धाकटी बांधकामाचे दगड तपासणाऱ्या एका कचेरीत होती. पूल बांधायचा, धरण बांधायचं, की खाणीतला दगड आधी त्या कचेरीत यायचा. धाकटीचं काम दगड फोडून त्याची पूड करायचं. तिथला पहिला नियम असा की, दगडाची साल काढून टाकायची. ऊन-पावसानं रंग बदललेला वरचा भाग म्हणजे साल; ती खोटं बोलते, आतला ताजा दगड खरं बोलतो, असं तिचे साहेब सांगायचे. साल एका काचेच्या बशीत गोळा करायची आणि दिवस संपताना बशी बेसिनमधे रिकामी करायची, धुवायची, पालथी घालायची. एकोणीस वर्षं धाकटीनं तेच केलं. कचेरी बंद झाली तेव्हा ताई म्हणाली, "माझ्याकडे ये. तुझ्यासारखी पूड माझ्या विद्यार्थ्यांच्या सात पिढ्यांना जमायची नाही."

तळघरात तिसरा माणूस होता लेझर चालवणारा. सडपातळ, तिशीचा, बोलता बोलता भडकणारा, म्हणून ताईनं त्याचं नाव ठिणगी ठेवलं होतं. तो ताईला बाई म्हणायचा आणि धाकटीला मावशी.

ताईचं भांडण एकाच गोष्टीशी होतं, आणि ते वीस वर्षं चाललं होतं. आकाशातून पृथ्वीवर पडणाऱ्या दगडांपैकी बहुतेक सगळे एका जातीचे. फोडले की आतून फिके करडे. ते लघुग्रहांचेच तुकडे, हे सगळे मानत. पण दुर्बिणीतून लघुग्रह बघितले, तर त्या रंगाचा जवळपास एकही सापडेना. ते दिसायचे गडद आणि तांबूस. मग लोक म्हणायचे, यांचं त्यांचं काही नातं नाही. ताई म्हणायची, नातं आहे.

"असं बघ," तिनं धाकटीला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, कांदा चिरता चिरता. "आपल्याला वर हवा आहे. त्यांना छप्पर नाही. सूर्याकडून बारीक कणांचा वारा सुटलेला असतो, तो सरळ अंगावर. वरून धुळीचे कण आपटतात, गोळीपेक्षा वेगानं. जिथं आपटतात तिथं दगड क्षणभर उकळतो, त्याची वाफ होते, ती पुन्हा कणांवर बसते, आणि त्या पुटात लोखंडाचे इतके बारीक ठिपके राहतात की साध्या सूक्ष्मदर्शकालासुद्धा दिसायचे नाहीत. असं लाखो वर्षं. मग काय होईल?"

"रापेल."

ताईनं सुरी खाली ठेवली. "वीस वर्षं मी याला लांबलचक नावं देतेय, आणि ही बाई एका शब्दात मोकळी झाली. हो, रापेल. आत तसाच फिका, नुसता चेहरा रापलेला."

"म्हणजे माझ्या कचेरीतली साल."

"तीच. फक्त इथं साल खरं बोलते, धाकटे. हे लक्षात ठेव."

धाकटीनं लक्षात ठेवलं होतं. तिच्या डोक्यानं ठेवलं होतं.

तळघरात रोज चालायचं ते असं. धाकटी अकीकाच्या, म्हणजे कठीण गुळगुळीत दगडाच्या, खलात खनिजाची पूड करायची, ती चाळायची आणि दाबयंत्रात घालून बटणाएवढी टिकली पाडायची. ठिणगी ती टिकली निर्वात पेटीत ठेवून तिच्यावर लेझरचे ठोके मारायचा. एकेक ठोका म्हणजे आकाशातल्या धुळीचा एकेक आपटा. पांढुरकी टिकली अर्ध्या तासात काळवंडायची. मग तिच्यावर उजेड टाकून, कुठल्या रंगाचा उजेड ती किती परत पाठवते त्याचा आलेख काढायचा. आलेख लघुग्रहांसारखे येत होते. फक्त त्या पेटीच्या पंपात कुठंतरी तेलाची वाफ शिरायची, त्यामुळे प्रत्येक आलेखात एका ठरावीक जागी इवलासा खळगा पडायचा. दोन वर्षं खटपट करूनही तो गेला नव्हता. ताई त्याला ठिणगीचा तीळ म्हणायची.

"बाई, हा तीळ मी या जन्मात घालवीन."

"राहू दे रे. हरवलास तर ओळखायला बरा."

धाकटी हे ऐकून हसायची, पण आलेखाकडे ती कधी नीट बघायची नाही. आलेख वाचणं तिचं काम नव्हतं. तिचं काम पूड.

पण लेझरचे आलेख पुरेसे नव्हते. लोक म्हणायचे, हे तुम्ही पेटीत केलंत, आकाशात तसं होतं कशावरून? ताईला हवी होती खरी रापलेली धूळ. यान पाठवून ती आणणं तेव्हा कुणाच्या स्वप्नात नव्हतं. एकच वाट होती. काही उल्का, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, अशा असतात की त्यांच्यात लघुग्रहाच्या पाठीवरची जुनी माती दबून दगड झालेली असते: फिक्या करड्या गोट्या, आणि त्यांच्या अवतीभवती गडद चिखल घट्ट झाल्यासारखा भाग. तो गडद भाग कधीकाळी उन्हात उघडा पडलेला होता. संग्रहालयात अशी एक उल्का होती. तिच्या कपाटाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या ते वयस्कर गृहस्थ, कपाटवाले काका, समितीपुढे तीन वर्षं ताईची बाजू मांडत होते. शेवटी मार्च महिन्यात ते स्वतः एक डबी घेऊन तळघरात आले. डबीत अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा.

"बाई, मुलगी देताना बाप रडतो ना, तसं झालंय मला," ते म्हणाले. "दुसरा मागू नका. समिती आता पुढच्या वर्षी बसेल."

"दुसरा कशाला लागेल?" ताई म्हणाली. तोवर ताईचा आवाज बारीक झाला होता. जानेवारीत तिच्या पोटात गाठ निघाली होती. तिनं डबी हातात घेतली, उघडून बघितली, धाकटीकडे दिली आणि जिना चढून घरी गेली ती पुन्हा तळघरात आली नाही. जाताना धाकटीला म्हणाली, "करडं वेगळं कर, काळं वेगळं. घाई नको. तेवढा काळ्याचा आलेख बघायचाय मला, मग काय व्हायचं ते होऊ दे."

धाकटीनं घाई केली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं तिनं चार दिवस तो तुकडा वेचला. करडा कण कुपीत, काळा कण काचेच्या बशीत. बशी सुटसुटीत होती, सुई टेकवायला बरी. सगळं वेचून झालं की काळं दुसऱ्या कुपीत भरायचं होतं. त्या कुपीवर चिठ्ठीसुद्धा चिकटवून ठेवली होती.

चौथ्या दिवशी दुपारी तिला दवाखान्यात जायचं होतं, ताईचे कागद आणायला. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, बसायला सांगितलं, दार लोटून घेतलं. दार लोटलं तेव्हाच तिला कळलं. "दोन महिने," ते म्हणाले. "कदाचित तेवढेही नाहीत."

घरी जाऊन ताईला तोंड कसं दाखवायचं, ते तिला सुचेना. म्हणून ती तळघरात आली. ठिणगी वर्गात गेला होता. खिडकीतून उन्हं आणि चपला दिसत होत्या. ती स्टुलावर बसली, उरलेले पाच-सात कण वेचले. कुपीला बूच लावलं. टेबल पुसलं. सुया पुसून ओळीनं ठेवल्या. मग दिवस संपताना जे करायचं असतं ते तिच्या हातांनी केलं. बशी उचलली, बेसिनशी नेली, नळ सोडला, बोटानं कड पुसून घेतली, बशी धुतली आणि पालथी घातली.

हात पदराला पुसताना तिनं पालथ्या बशीकडे बघितलं. बशीच्या पाठीवरून पाणी निथळत होतं.

ठिणगी आला तेव्हा ती बेसिनखाली बसली होती. नळीचा वाकडा तुकडा तिनं पान्यानं सोडवला होता आणि त्यातला गाळ परातीसारख्या एका ट्रेमधे ओतला होता. काळाकुट्ट गाळ. त्यात किती वर्षांची, किती दगडांची पूड होती कोण जाणे. ती बोटानं तो पसरत होती.

"मावशी, काय सांडलं?"

ती गाळ पसरतच राहिली. त्यानं टेबलाकडे बघितलं, भरलेली एक कुपी, रिकामी एक कुपी. मग बशी. तो तिच्याशेजारी ओल्या फरशीवरच बसला. भडकला नाही. तो भडकला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"काकांना फोन करतो," तो म्हणाला.

केला. कपाटवाल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, माझ्या हातात असतं तर मी कपाट उघडून आत्ता आलो असतो. कुलपाची दुसरी किल्ली समितीकडे असते."

"पुढच्या वर्षी," ठिणगीनं फोन ठेवून सांगितलं.

"माझ्या ताईकडे दोन महिने आहेत," धाकटी म्हणाली. हे वाक्य तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं.

तीन दिवस ती घरी ताईला सांगत राहिली, अजून वेचतेय. चौथ्या दिवशी तिनं करड्या कुपीतल्या कणांची पूड केली, टिकली पाडली आणि ठिणगीसमोर ठेवली.

"ही पेटीत ठेव. काळी कर."

त्यानं टिकली बघितली, मग तिला. "मावशी, बाईंना काय सांगणार?"

"काळ्या भागाचा आलेख, असं."

"हे खोटं आहे."

"छापायला नकोय मला. दाखवायला हवंय. दगड तोच आहे ना? उन्हात पडला असता तर असाच झाला असता, असं तीच म्हणते ना?"

"तेच तर सिद्ध करायचंय."

"तुझं सिद्ध तू कर. मला तिला हसलेलं बघायचंय."

तो खूप वेळ पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं आलेखाचा कागद ताईच्या हातात दिला. ताई खिडकीशी उशांना टेकून बसली होती. हातांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. तिनं चष्मा मागितला, मग भिंग मागितलं, मग तिच्या वहीतला पारदर्शक कागद मागितला, ज्यावर दुर्बिणीनं टिपलेल्या एका लघुग्रहाचा आलेख तिनं सोळा वर्षांपूर्वी शाईनं गिरवला होता. तो तिनं नव्या आलेखावर ठेवला आणि उजेडासमोर धरला. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. ताई एका जागी थांबली. भिंग तिथंच धरून राहिली. धाकटीला वाटलं, हात थकला.

"किती निघालं काळं?" ताईनं विचारलं.

"चिमूटभर."

"हं." तिनं भिंग खाली ठेवलं. मग धाकटीकडे बघितलं, लहानपणी शाळेतून रडत आली की बघायची तसं. "जमलं गं. छान जमलं."

आणि ती हसली. धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ सोडून ठेवला, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

डॉक्टरांचे दोन महिने चुकले. ताई त्यानंतर अकरा दिवस होती. त्या अकरा दिवसांत धाकटीनं चार-पाच वेळा तरी सांगायचं ठरवलं. ती पलंगाच्या कडेला बसायची, ताईचा हात हातात घ्यायची, "ताई, एक सांगायचं होतं," म्हणायची. आणि दर वेळी ताईला नेमकं काहीतरी लागायचं. "आधी जरा ती उशी सरळ कर." "खिडकी लाव गं, वारा येतोय." एकदा तर म्हणाली, "तुझी ती ट्रंक काढ बाहेर. बावीस वर्षं झाली, चार दिवस संपले आता. कपड्यांना कपाट दे." धाकटीनं ट्रंक ओढून काढली, कपडे ताईच्या कपाटात लावले, आणि लावता लावता ताईचा डोळा लागला. सांगायचं राहिलं. अकराव्या दिवशी दुपारी, धाकटी दुधाचा पेला विसळायला आत गेली होती, तेवढ्यात ताई गेली.

महिन्याभरानं ठिणगी घरी आला, ताईच्या वह्या न्यायला. धाकटीनं त्या आधी एकेक करून पुसल्या. शेवटच्या वहीत शेवटची नोंद आलेख दाखवला त्याच सकाळची होती. पेन्सिलनं लिहिलेली, अक्षर घसरत गेलेलं.

"आजचा आलेख: करडा भाग, आपल्याच पेटीतला. तीळ आहे. काळा भाग हरवला असावा. छापू नये. धाकटीला कुणीही विचारू नये. मीही विचारणार नाही."

धाकटीनं ते दोनदा वाचलं. मग ठिणगीपुढे धरलं.

"तुला माहीत होतं? तिला तीळ दिसेल हे?"

"माहीत होतं."

"पुसता आला नसता?"

"आला असता, मावशी. कागदावरून पुसायला काय लागतं? नाही पुसला." तो जमिनीकडे बघत होता. "तुम्हाला नाही म्हणता येईना, आणि बाईंना फसवता येईना. म्हटलं, त्यांचं त्या बघतील."

तिनं बघितलं होतं. पहिल्याच मिनिटाला. आणि मग ती हसली होती. आता धाकटीला एकेक उशी, एकेक खिडकी, ती ट्रंक, सगळं आठवायला लागलं. वारा नव्हताच त्या दिवशी.

पुढच्या वर्षी समिती बसली. कपाटवाले काका दुसरा तुकडा घेऊन आले, पहिल्याहून लहान. धाकटीनं तो सहा दिवस वेचला. काळं बशीत नाही, थेट कुपीत. ठिणगीनं आलेख काढला. रेघ खाली आली होती, म्हणजे धूळ गडद होती, पण तांबूसपणा नव्हता. लघुग्रहाच्या रेघेवर ती बसेना. माती दबून दगड होताना तो कुठं गेला, की मुळातच वेगळं काही होतं, हे त्याला सांगता येईना.

"म्हणजे मावशी," तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी ते सांडलं नसतं, तर बाईंना हे बघावं लागलं असतं. झालं ते एका परीनं—"

"नको," धाकटी म्हणाली. "तिला हे बघवलं असतं. वीस वर्षं भांडली होती, अजून एक दिवस भांडली असती. मला सांगायचं होतं, ते मी सांगितलं नाही."

ठिणगीनं ताईच्या नावानं शेवटचा लेख छापला, फक्त लेझरच्या टिकल्यांचा, तिळासकट. खाली टीप दिली की हा दोष आमच्या पंपाचा आहे. नंतर तो दुसऱ्या गावी गेला, लग्न केलं, केस पिकले, प्राध्यापक झाला. त्याचे विद्यार्थीही त्याला ठिणगीच म्हणतात, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. कपाटवाले काका किल्ल्या सोपवून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत वारले. तळघरात आता सायकली ठेवतात.

ताई गेल्यावर सोळा वर्षांनी ठिणगीचा फोन आला. एका यानानं एका लघुग्रहावरची धूळ पृथ्वीवर आणली होती, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कण. ते उभे कापून बघितले होते. आतून फिके, पडलेल्या दगडांच्याच जातीचे, आणि वर अगदी पातळ पूट, त्यात लोखंडाचे ठिपके.

"बाई म्हणायच्या तसंच, मावशी. जसंच्या तसं."

"रापलेलं," धाकटी म्हणाली.

"हो. रापलेलं."

फोन ठेवल्यावर तिनं ठिणगीला न दिलेली ती शेवटची वही काढली, पारदर्शक कागद काढला आणि खिडकीशी ताईच्या जागेवर जाऊन बसली. त्यालाही आता पंधरा वर्षं झाली; आज ती अठ्ठ्याहत्तरीची आहे. त्याच दोन खोल्यांत राहते. ट्रंक तिनं कुणाला तरी देऊन टाकली. आलेख अजून तिला नीट वाचता येत नाहीत, पण तीळ कुठं असतो ते ठाऊक आहे. काचेची ती बशी तिच्या स्वयंपाकघरात आहे, आणि ती कधी पालथी घालत नाही. कुठलंही भांडं रिकामं करताना नळाशी ती क्षणभर थांबते, आणि ताईच्या खोलीकडे कान देते.